वाचकांचे प्रश्न : वेगळ्या खोलीचा डीबी आणि त्याचे अर्थिंग

प्रश्न : घरापासून ४० मीटरवर वर्कशॉपची स्वतंत्र खोली आहे. वायरमन म्हणतो, घरच्या बोर्डातून फेज आणि न्यूट्रल नेऊ, खोलीपाशी अर्थचा रॉड ठोकू आणि डीबीत (खोलीतल्या स्विचांच्या पेटीत) न्यूट्रल अर्थला जोडून टाकू. चालेल का?

उत्तर : रॉड ठोका, पण बाकी काही ऐकू नका.

नुसत्या रॉडचा भरवसा का नाही, ते आकड्यांत पाहा. जमिनीशी रॉडचा रोध २५ ओहम असला, तर २३० व्होल्टला फॉल्टचा, म्हणजे फेज बॉडीला टेकल्यावरचा, करंट जेमतेम ९ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) त्याला दादही देत नाही आणि ड्रिल मशीनची बॉडी जिवंत राहते. म्हणून अर्थची तार घरच्या अर्थ बारपासूनच (अर्थच्या तारा जोडायच्या पट्टीपासूनच) केबलसोबत आणायची. फेज १६ चौरस मिमीपर्यंत असेल, तर अर्थची तार त्याच जाडीची तांब्याची. वीज कंपनीने अर्थची तार दिलेली नसून घराचाही अर्थ रॉडवरच असेल, तर ही तारही पुरेशी नाही. तिथे आरसीसीबीशिवाय, म्हणजे गळती करंट ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय, गत्यंतर नाही. तसा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वर्कशॉपला असावाच. खोलीचा रॉड मुख्यतः वीज पडल्यावर येणाऱ्या लाटेसाठी. दोन रॉड ठोकलेत, तर अंतर निदान रॉडच्या लांबीइतके ठेवा.

न्यूट्रल-अर्थची गाठ मारणे त्याहून घातक. ती पुरवठ्याच्या बाजूला एकदाच असते. खोलीत दुसरी मारली, की न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून आणि लोखंडी पाइपांतूनही परतू लागतो. घरून येणारी न्यूट्रल आणि अर्थची तार तुटली किंवा ढिली झाली, तर डीबीची पेटी आणि तिला जोडलेली प्रत्येक बॉडी फेजच्या व्होल्टेजवर जाऊ शकते. तेव्हा डीबीत न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या तारा जोडायची पट्टी) इन्सुलेटेड, पेटीपासून अलग. अर्थ बार पेटीला पक्का कसलेला. आणि येणाऱ्या केबलवर डबल पोल आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच.

केबल १० चौरस मिमी तांब्याची घेतलीत, तर ३२ अँपिअरला ४० मीटरवर पावणेपाच व्होल्टच्या आसपास केबलमध्येच घटतील. ठीक आहे.

प्रश्न : वेगळ्या खोलीतले सगळे एमसीबी खाली पाडले तरी घरातला आरसीसीबी पडतो. दोष घरात आहे का?

उत्तर : असेलच असे नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. खोलीत न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल, तर घरातल्या लोडचा थोडा करंट त्या वाटेने आरसीसीबीला वळसा घालून परततो. आधी खोलीचा डबल पोल आयसोलेटर पाडून बघा. ट्रिप थांबले, तर दोष त्याच्या पुढे. नाही थांबले, तर केबल किंवा घर. मग घरचा मेन बंद करा, टेस्टरने सप्लाय नसल्याची खात्री करा, खोलीतली उपकरणे काढा आणि आयसोलेटर पाडलेलाच ठेवून न्यूट्रल लिंकवरची एकेक न्यूट्रल सोडवत ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) अर्थशी तपासा. १ मेगओहमखाली आली, ती गुन्हेगार. बहुतेकदा सॉकेटच्या लोखंडी बॉक्समध्ये स्क्रूखाली चिरडलेली तार निघते.