वाचक विचारतात : यानातली भांडणं

प्रश्न : वेगवेगळ्या ग्रहांवरचे जीव एकाच अंतराळयानात काम करतात, अशी कथा लिहितेय. त्यांच्यावर शत्रूची फौज चालून येते. पण सगळे माणसांसारखेच वाटतात. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ती शत्रूची फौज काढून टाका. तिच्याआड तुमची पात्रं लपलीयत. मग हवा ठरवा. आपल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के. तो ज्याला विषारी, त्याने जेवायला बसायचं कुठे? काचेपलीकडे? (कल्पना हवेतली नाही, प्राणवायूने मरणारे जिवाणू पृथ्वीवरही आहेत.) रोज काचेपलीकडे जेवणारा कधीतरी चिडेल की नाही? तिथून त्याचा स्वभाव सुरू होतो.

मग झोप. अंतराळ स्थानकावर दिवसाला सुमारे १६ सूर्योदय होतात, म्हणून तिथली माणसं ग्रीनिचच्या घड्याळावर चालतात. तुमच्या यानात घड्याळ कुणाच्या ग्रहाचं? त्यावरचं भांडण मला दहा लढायांपेक्षा आवडेल. लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवरून बायका कशा भांडतात आणि ठाण्यापर्यंत एकमेकींना चकल्या कशा देतात, ते आठवा.

आणि नावांत जोडाक्षरांचे ढीग नकोत. मी कथा मोठ्याने वाचते, जीभ अडकते.