केसांसाठी पॉलिसी मोडावी का?

नाशिकच्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ३३, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार ६२ हजार रुपये. पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचे २६ लाखांचे कर्ज बाकी आहे आणि त्याचा हप्ता २४ हजार आहे. पत्नी घर सांभाळतात, मुलगी तीन वर्षांची आहे, आईवडील निफाडला द्राक्षबाग पाहतात. डोक्यावरचे पुढचे केस झपाट्याने विरळ झाले आहेत आणि भुवयाही बाहेरच्या टोकाला उडाल्यासारख्या दिसतात. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकने केसांचे प्रत्यारोपण, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला घटक डोक्याच्या त्वचेत टोचणे) आणि भुवयांचे मायक्रोब्लेडिंग (केसांसारख्या बारीक रेघा गोंदणे) असे एकत्र पॅकेज देऊ केले असून, मार्गशीर्षात मेहुण्याचे लग्न आहे तोपर्यंत केस येतील, असे सांगितले आहे. त्यांचा प्रश्न असा: "पाच वर्षांपूर्वी घेतलेली विमा पॉलिसी मोडून हे पैसे भरावेत, की क्लिनिकमार्फत मिळणारा बिनव्याजी हप्ता घ्यावा?"

नमस्कार. तुम्ही क्लिनिकचे कोटेशन आणि पॉलिसीचे पहिले पान असे दोन कागद सोबत पाठवलेत, हे फार बरे केले. त्यातल्या दुसऱ्या कागदाने मला जास्त काळजी वाटली. पण तुमचा प्रश्न केसांचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कोटेशनवर मोठ्या अक्षरांत २,५०० ग्राफ्ट (मुळासकट लावायचे केसांचे लहान पुंजके), प्रत्येकी ४५ रुपये, असे आहे. म्हणजे १ लाख १२ हजार ५००. तळाशी बारीक अक्षरांत १८ टक्के जीएसटी वेगळा लिहिला आहे, तो धरून १ लाख ३३ हजार. पीआरपीच्या सहा बैठका ३० हजार, भुवया १८ हजार. एकूण १ लाख ८० हजारांच्या आसपास. याच्याच खाली, भरलेली रक्कम परत मिळणार नाही, अशी ओळ आहे. आरोग्य विम्यातून यातला एक रुपयाही मिळत नाही, कारण सौंदर्यासाठीचे उपचार त्यात वगळलेले असतात.

लग्नाची गोष्ट मनातून काढून टाका. प्रत्यारोपित केस पहिल्या महिन्याभरात बहुधा गळून जातात, नवे केस तीन-चार महिन्यांनी डोकावू लागतात आणि खरा परिणाम दिसायला वर्षभर लागते. द्राक्षवेलीची खरड छाटणी एप्रिलमध्ये केली म्हणून मे महिन्यात घड मागता येत नाही, हे बागाईतदाराच्या मुलाला मी वेगळे सांगायला नको. आज श्रावणात शस्त्रक्रिया केलीत, तर मार्गशीर्षात तुम्ही ऐन अर्धवट अवस्थेत मांडवात उभे असाल. ज्यांनी तुम्हाला ही तारीख दिली, त्यांना हे माहीत नसेल असे मला वाटत नाही, आणि म्हणून त्यांच्या बाकीच्या आश्वासनांवरही माझा विश्वास बसत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्यारोपण हा एकदाच करायचा खर्च नाही. डोक्याच्या मागचे टिकाऊ केस पुढे लावले जातात, पण आसपासचे मूळचे केस गळणे त्याने थांबत नाही. ते थांबवण्यासाठी मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड ही औषधे असतात आणि ती बंद केली की त्यांचा फायदाही काही महिन्यांत ओसरतो. फिनास्टराइडला अमेरिकेत पुरुषांच्या टक्कलासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे औषध जुने आणि जेनेरिक आहे. दोन्हींचा मिळून महिन्याचा खर्च साधारण हजार रुपये धरा. काहींना फिनास्टराइडपासून लैंगिक तक्रारी किंवा उदासीनता येते, आणि गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये असे सांगितले जाते. त्यामुळे ते घ्यायचे की नाही, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील. वर्षभर औषधोपचार केल्यावर प्रत्यारोपण हवेसे वाटले, तर करा. तोवर गळती किती थांबते हेही कळेल आणि मागचे मोजके केस घाईने खर्ची पडणार नाहीत. त्या वेळी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हे नाव आणि नोंदणी क्रमांकासह लिहून घ्या. ती प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

बिनव्याजी हप्ता म्हणजे तुमच्या नावावर वित्तसंस्थेने दिलेले कर्ज. पूर्ण रक्कम रोख भरली तर किती सूट देता, असे क्लिनिकला विचारा. जी सूट सांगतील, तेच तुमचे व्याज. उद्या क्लिनिकला कुलूप लागले, तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतील. हा पर्याय नको.

आता पॉलिसी. वर्षाला ७२ हजार हप्ता, मुदत २० वर्षे, विमा रक्कम ७ लाख २० हजार. "पाच वर्षांनी पूर्ण पैसे बोनससह मिळतात," असे एजंटाने माहितीपत्रकाच्या मागे पेनाने लिहून दिल्याचे तुम्ही सांगता. पॉलिसीच्या छापील अटींत असे काहीही नाही. अशा पारंपरिक पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षी हमीचे सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी मोडल्यास मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या साधारण निम्मे असते. तुम्ही ३ लाख ६० हजार भरलेत. हातात १ लाख ८० हजार, फार तर थोडे अधिक येतील. म्हणजे क्लिनिकचे बिल भागेल आणि पाच वर्षांची बचत शून्यावर येईल.

पण बुडालेल्या हप्त्यांहून मोठी चूक विमा रकमेत आहे, आणि तिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही. तुमच्या घरात कमावते तुम्ही एकटे आहात. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर विमा रक्कम आणि आजवरचा बोनस मिळून पत्नीच्या हाती साडेआठ-नऊ लाख येतील आणि समोर २६ लाखांचे कर्ज असेल. घर विकावे लागेल, आणि मुलीच्या शिक्षणाला काही उरणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात सिडकोतल्या एका घरी मी असेच पॉलिसीचे पान हातात घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईंना आकडा वाचून दाखवणे मला जड गेले होते, आणि तेव्हापासून असे कागद पाहून मी गप्प बसत नाही. वर्षाला ७२ हजार घेऊन सव्वासात लाखांचे संरक्षण देणाऱ्या माणसाने तुमच्या घराचा विचारच केलेला नाही.

तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच रक्कम देणारा निव्वळ संरक्षणाचा विमा) वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तो घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे रक्कम पत्नी आणि मुलीचीच राहील, कर्ज देणाऱ्यांना त्या रकमेवर हक्क सांगता येणार नाही.

जुनी पॉलिसी चालू ठेवली, तर आणखी १० लाख ८० हजार भरून, तुमच्या पत्रकावरचा विमा रकमेच्या दर हजारामागे वर्षाला ४० रुपये बोनस धरता, मुदतीअखेर १३ लाखांच्या आसपास मिळतील. त्याऐवजी टर्म विम्याचे १४ हजार बाजूला काढून उरलेले ५८ हजार दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले, तर आजच्या ७.१ टक्के दराने १५ वर्षांत साडेपंधरा लाखांच्या पुढे जातात. सरेंडरचे १ लाख ८० हजार ठेवीत राहिले, तर एकूण २० लाखांच्या घरात, आणि सगळा काळ एक कोटीचे संरक्षण. म्हणून पॉलिसी मोडा, माझी ना नाही; फक्त ते पैसे क्लिनिकला देऊ नका. तुमच्याकडे आज अडीअडचणीसाठी काहीच शिल्लक नाही, तेव्हा ही रक्कम मुदत ठेवीत आपत्कालीन निधी म्हणून राहू द्या.

क्रम मात्र बदलू नका. टर्म विम्याची पॉलिसी हातात आल्यावरच जुनी मोडा. सरेंडरचा आकडा एजंटाला फोनवर विचारू नका. शाखेत लेखी अर्ज देऊन लेखीच घ्या. कंपनीचा ३ लाखांचा आरोग्य विमा नोकरीसोबत संपतो, त्यामुळे पुढच्या वर्षी घरासाठी स्वतंत्र विम्याचेही पाहा. तुमच्याच हिशेबाप्रमाणे घरखर्च जाऊन महिन्याला चार हजार उरतात. औषधांचे हजार वजा करून तीन हजार आवर्ती ठेवीत टाका आणि दिवाळीच्या ८० हजार बोनसमधला निम्मा त्यात घाला. दोन वर्षांत प्रत्यारोपणाचे पैसे कर्जाशिवाय जमतील.

भुवयांवर १८ हजार घालवण्याआधी काही शे रुपयांची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. मायक्रोब्लेडिंग वर्ष-दोन वर्षांत फिकट होऊन पुन्हा करावे लागते. शिवाय बाहेरच्या टोकाची भुवई विरळ होणे हे थायरॉइड मंदावल्याचेही लक्षण असू शकते आणि थकवा जाणवतो, असे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. अहवाल डॉक्टरांनाच दाखवा. पण जो निकाल येईल तो, आणि केसांची जी गोळी सुरू होईल तीही, टर्म विम्याच्या अर्जात स्वच्छ लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे होईपर्यंत कंपनी लपवलेल्या आजाराच्या कारणावरून दावा नाकारू शकते, आणि त्या नकाराचे पत्र तुमच्या पत्नीच्या हाती पडेल.