विमा असला की कंपन्या जास्त धोका पत्करतात का? आणि नुकसान दुसऱ्याचं झालं तर भरतं कोण?

पत्करतात, पण सगळ्याच नाही. स्वतःच्या खिशाला किती चाट बसणार, यावर ते ठरतं.

मी सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं आणि आमच्या गोदामात शिरलं. ओसरल्यावर सर्व्हेअर आले. त्यांनी खालच्या थप्पीतल्या एका पोत्याची शिवण उसवली, कांडी काढली, वाकवली. सुकी हळद कटकन मोडते. ही मऊ पडून नुसतीच वाकली. मला तिथंच रडू आलं.

माल 1 कोटीचा, विमा 60 लाखांचा. हप्ता वाचावा म्हणून शेठजींनी रक्कम कमी लावली होती. माल गेला 20 लाखांचा. मला वाटलं, सगळे मिळतील. पण विमा कमी रकमेचा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. म्हणजे 12 लाख, त्यातूनही पॉलिसीत ठरलेली सुरुवातीची रक्कम वजा. बाकी 8 लाखांच्या वर पेढीवर पडले. 2021 च्या जुलैत पाणी इशाऱ्याच्या 40 फुटांवर पोचायच्या आत शेठजींनी हमाल बोलावून सगळी पोती वरच्या मजल्यावर हलवली. अख्खी भरपाई मिळाली असती, तर एवढी धावपळ झाली असती असं मला वाटत नाही.

दुसऱ्याच्या नुकसानीत मात्र हा धाक उरत नाही. मर्यादित कंपनीत भागधारकाचं जातं ते फक्त त्यानं गुंतवलेलं भांडवल. नफा त्याचा, आणि भांडवलापलीकडचं नुकसान शेजारच्या वस्तीचं. भोपाळच्या विषारी वायुगळतीची भरपाईची तडजोड 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर झाली. त्याआधी, डिसेंबर 1985 मध्ये, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम, म्हणजे अति तीव्र गंधकाम्ल, गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याची चूक सिद्ध व्हायची गरज नाही आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानं ठरावीक प्रमाणाबाहेर घातक रसायनं हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. पण जुनाट टाकीवाल्याला आणि नीट देखभाल करणाऱ्याला हप्ता सारखाच लागला, तर टाकी बदलायला पैसा कोण घालेल?

तुमच्याजवळ असा कारखाना असेल तर नुसतं पॉलिसी आहे का एवढंच विचारू नका. रक्कम किती, आणि व्हॉल्व्ह बघायला विमा कंपनीचा माणूस शेवटचा कधी आला होता, तेही विचारा.