चाकणला रुजू होण्यापूर्वी

प्रिय,

अमेरिकेतल्या मुख्यालयाचा आरोग्य कार्यक्रम चाकणच्या कारखान्यात राबवायची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा मनापासून आनंद झाला. तू पाठवलेली फाइल वाचली. पोस्टरवरचे चेहरे बदलून आणि सॅलडच्या जागी कोशिंबीर घालून भागणार नाही.

कामगार आजारी पडला तर पैसे कुणाच्या खिशातून जातात, ते आधी बघ. अमेरिकेत विम्याचा मोठा भार मालकावर असतो, म्हणून वजन घटवणाऱ्याला हप्त्यात सवलत देणं त्याला परवडतं. चाकणमध्ये महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असतो आणि त्याची वर्गणी पगारावर ठरते. तिथे हे आमिष चालणारच नाही.

फाइलमध्ये सिगारेटवर अख्खं प्रकरण आहे, तंबाखू मळण्यावर एक ओळ नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. बिनधुराची तंबाखू वापरणारे मात्र २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. आपल्याकडे बायकांची मिश्रीही त्यातच येते. रात्रपाळीचा माणूस तंबाखू मळतो ती झोप उडवायला आणि भूक मारायला. कर्करोगाची चित्रं त्याने पुडीवर रोज पाहिली आहेत. पहाटे तीनला कँटीनमध्ये गरम काही मिळतं का, पाळ्या किती दिवसांनी बदलतात, हे विचार. तोंड तपासायला दंतवैद्य कारखान्यातच आण, तोही पाळीच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी शिबिराला कुणी येत नाही. माझं ऐकशील तर निम्मा पैसा इथेच घाल.

जादा वजनाची बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ ही रेषाही बदलून घे. भारतीयांसाठी ती २३ धरतात, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातच गाठतो.

एक गोष्ट मात्र जपानकडून जशीच्या तशी उचल. तिथे डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना दरवर्षी कामगारांच्या मानसिक ताणाची तपासणी करावी लागते, आणि कामगाराच्या संमतीशिवाय तिचा निकाल मालकाला कळवता येत नाही. इथल्या माणसाला धास्ती असते की रक्तदाब जास्त निघाला तर ओव्हरटाइम जाईल. कंत्राटी असेल तर गेटपासच जाईल. अहवाल फक्त डॉक्टर आणि त्या कामगाराकडे राहतील, हे व्यवस्थापनाकडून लेखी घे, तो कागद मराठीत आणि हिंदीत गेटवर लाव, आणि मगच पहिली सुई टोच.

कंत्राटी कामगारांची यादी ठेकेदाराकडून आजच मागव. हजेरीपटावर नाहीत म्हणून ते शिबिरातून वगळले जातात, आणि सगळ्यात जड काम त्यांच्याच अंगावर असतं.