स्क्रिप्ट एक्झीच्या पोटात

प्रश्न : तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी गो भाषेत छोटा प्रोग्रॅम केलाय. डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलीत. एक्झीसोबत (चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीसोबत) ‘स्कीमा’ नावाचा फोल्डर देतो, टेबलं तयार करणाऱ्या स्क्रिप्ट त्यात असतात. परवा एका केंद्रात कॉम्प्युटर बदलला आणि तिथल्या मुलाने पेनड्राइव्हवर नुसती एक्झी उचलून आणली. प्रोग्रॅम उघडला, पण पहिल्याच नोंदीला ‘नो सच टेबल’, म्हणजे असं टेबलच नाही. मित्र म्हणतो, सगळं एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) कोडमध्येच लिही. मला ते पटत नाही. काय करू? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : त्या मुलाला रागावू नका. एका खतांच्या दुकानाचं बिलिंग बसवायला मी ३५ किलोमीटर स्कूटरवर गेलो होतो आणि असाच स्क्रिप्टचा फोल्डर घरी टेबलावर राहिला होता. प्रोग्रॅम तरीही उघडतो, कारण डेटाबेसची फाइल दिसली नाही की एसक्यूलाइट गुपचूप नवी, रिकामी फाइल बनवतं.

मित्राचं निम्मं बरोबर आहे. एसक्यूएल एक्झीतच हवं, पण ते कोडमध्ये हाताने चिकटवायचं नाही. वेगळ्या फाइलीत असलं की एडिटर रंगात दाखवतो, चालवून बघता येतं. गोच्या १.१६ आवृत्तीपासून (फेब्रुवारी २०२१) यासाठी ‘एम्बेड’ आहे. ते पॅकेज इम्पोर्ट करा आणि व्हेरिएबलच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा, लगेच गो-कोलन-एम्बेड आणि फाइलचं नाव लिहा. बिल्ड होताना, म्हणजे कोडची एक्झी बनताना, कंपायलर ती फाइल वाचून मजकूर एक्झीत भरतो. रेघांनंतर स्पेस सोडू नका. सोडली तर ती साधी कॉमेंट होते, व्हेरिएबल रिकामं राहतं आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. माझी अख्खी दुपार त्यात गेलीय. फाइलही पॅकेजच्या फोल्डरात किंवा त्याच्या आत हवी. दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरातली उचलता येत नाही.

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढच्या बदलाला. समजा उद्या ‘संकलन’ टेबलात गाय की म्हैस हा कॉलम हवा झाला. तुम्ही जुनीच स्क्रिप्ट उघडून ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ (टेबल नसेल तरच बनव) या आज्ञेत एक ओळ घालाल. तुमच्या मशिनवर डेटाबेस नवा, सगळं छान चालेल. केंद्रात टेबल आधीपासून आहे, म्हणून ती आज्ञा काहीच न करता पुढे सरकते, एररही नाही. मग सकाळी सहाला, कॅन घेऊन रांग लागलेली असताना, कॉलम नाही म्हणून नोंद अडते.

म्हणून एकदा गावात गेलेल्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही. प्रत्येक बदलाची नवी फाइल : ०००१, ०००२ अशी. पुढची शून्यं हवीतच, कारण एम्बेड केलेला फोल्डर नावांच्या क्रमाने वाचला जातो आणि त्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो. कुठवर आलो याची खूण ठेवायला एसक्यूलाइटमध्ये ‘युजर व्हर्जन’ नावाचा प्राग्मा (एक सेटिंग) आयता आहे. डेटाबेसच्या फाइलीतच राहणारा एक आकडा, सुरुवातीला ०. प्रोग्रॅमने उघडताना तो वाचायचा, त्यापुढच्या स्क्रिप्ट चालवायच्या. स्क्रिप्ट आणि तो आकडा वाढवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मध्येच लाईट गेली तर दोन्ही मागे फिरतात. (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर ही चैन नाही, तिथे टेबल बदललं की कमिट होऊनच जातं, मागे फिरता येत नाही.)

आणि हे सगळं करण्याआधी त्या केंद्रात फोन करा. जुना कॉम्प्युटर फॉरमॅटला गेला नसेल तर त्यातली डेटाबेसची फाइल मागवून घ्या. एक्झीच्या पोटातून टेबलं मिळतील, पण सभासदांचं दहा दिवसांचं फॅट आणि लिटर त्या फाइलीतच आहे.