खाऊ-संवाद : नागपूरच्या तिखटाशी ओळख

प्रश्न : बदलीमुळे चिपळूणहून नागपूरला येऊन दीड महिना झाला. पहिल्याच आठवड्यात सावजी मटण मागवलं आणि दोन घासांतच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून डब्यावरच आहे. इथलं खाणं अंगवळणी कसं पडेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घाई झाली ती सावजीपासून सुरुवात केल्याने. मी रत्नागिरीची, लग्नानंतर नागपूरला आले, म्हणून तुमची अवस्था कळते. सकाळी आठच्या सुमारास ऑफिसजवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे खा. तर्री म्हणजे हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा. 'भाऊ, तर्री कमी टाका' म्हटलं की कुणी वाईट मानत नाही. मी महिनाभर तेच म्हणत होते! रोज त्याच ठेल्यावर जा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो माणूसच सांगेल, पाटोडी-रस्सा कुठे चांगला मिळतो. हॉटेलांच्या जाहिरातींपेक्षा माझा अशा माणसांवर जास्त विश्वास आहे.

थंडीत सांबारवडी चुकवू नका. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. कोवळ्या कोथिंबिरीचं सारण भरलेली ती गरम वडी कढीबरोबर खा.

सावजीकडे मात्र परत जा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतलं हे जेवण. जुनी घरं ते जवसाच्या तेलात रांधत. महाल किंवा इतवारीतल्या एखाद्या साध्या भोजनालयात, इथल्याच सहकाऱ्याला घेऊन दुपारी जा. रस्सा वेगळ्या वाटीत मागा आणि भाकरीचा तुकडा नुसता टेकवून खा. मसाल्याची खरी चव तेव्हा कळते.