शंका-समाधान: सर्व्हर कपाटाशेजारी ठेवावा की क्लाउडवर?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. टॅलीतले हिशेब आणि जॅकार्ड मागाच्या डिझाइन-फाइली मिळून ४०० जीबी डेटा ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे. मुलगा म्हणतो, क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकू. पण डिझाइनं आणि परदेशी गिऱ्हाइकांचे दर तिसऱ्याच्या हाती लागले तर? आपल्या छताखाली आहे तेच बरं नाही का?

शंका रास्त आहे. मात्र छताखालचा सर्व्हरही एकदा नीट पाहा. घरून टॅली दिसावी म्हणून राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे त्या नंबरचं दार, उघडून ठेवलंय का? रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरण्याची ही नेहमीची वाट. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, कारण शोधणारे प्रोग्राम सगळेच नंबर चाचपून बघतात. बॅकअपची हार्ड डिस्क कायम सर्व्हरलाच जोडलेली असेल, तर मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद होते. त्यात सुताची धूळ पंख्यात अडकते, रात्री एसी बंद असतो, आणि सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

क्लाउडमध्ये इमारत, वीज, यंत्रं सांभाळणं कंपनीचं काम. खातं, पासवर्ड आणि कुणाला काय दिसावं, हे तुमच्याकडेच राहतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहकांची माहिती क्लाउडवरून चोरीला गेली. तिथं डेटा सेंटर कुणी फोडलं नव्हतं. बँकेचा फायरवॉल (आत-बाहेर जाणारी माहिती अडवणारा पहारेकरी प्रोग्राम) चुकीचा बसवला होता आणि त्याला नको तितके अधिकार दिले होते.

‘टॅली क्लाउडवर’ म्हणून जे विकतात, ते बहुधा भाड्याचं विंडोज मशीन असतं. तिथंही रिमोट डेस्कटॉप साऱ्या जगाला उघडा असेल, तर धोका तोच. फक्त महिन्याचं भाडं वाढलं. म्हणून विक्रेत्याला आधी तीन गोष्टी विचारा: आत शिरायला व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट) लागतो का, पासवर्डनंतर दुसरा कोड लागतो का, आणि बॅकअप वेगळ्या खात्यात जातो का.

डिझाइनं कंपनीलाही दिसू नयेत असं वाटत असेल, तर चढवण्याआधी आपणच कुलूप लावा. सेव्हन-झिप या फाइली बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये ७झेड प्रकार निवडा, कुलपाचा प्रकार एईएस-२५६ ठेवा आणि फाइलींची नावं झाकण्याच्या पर्यायावरही खूण करा. नाहीतर गिऱ्हाइकाचं नाव बाहेरूनच वाचता येतं. पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तो हरवला तर फाइल गेली, कुणी काढून देणार नाही.

४०० जीबी चढवायला ५० एमबीपीएस अपलोडवर कागदोपत्री १८ तास लागतात, प्रत्यक्षात दिवसभर धरा. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा विचारा. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा. पुढं रोज रात्री बदललेल्या फाइली तेवढ्या जातील. एक प्रत इथंच, एरवी सुटी काढून ठेवलेल्या डिस्कवर असू द्या. दर तीन महिन्यांनी क्लाउडवरचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून टॅली उघडा. शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. ‘बॅकअप यशस्वी’ हा मेसेज पुरावा नव्हे.

प्रश्न: क्लाउडचं खातं आमच्या कॉम्प्युटरवाल्यानंच उघडून दिलं. चालेल ना?

ईमेल आणि मोबाइल नंबर त्याचा असेल तर चालणार नाही. उद्या बिलावरून बिनसलं, की डेटा तुमचा आणि किल्ली त्याच्याकडे. मुख्य खातं कारखान्याच्या ईमेलवर आणि मालकाच्या नंबरवर घ्या. कॉम्प्युटरवाल्याला वेगळं लॉगिन द्या, कामापुरते अधिकार द्या, काम संपलं की बंद करा. दुसरा कोड एसएमएसवर न घेता, फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अॅपवर घ्या. तुमच्या नंबरचं सिम दुसऱ्यानं बदलून घेण्याची फसवणूक होते. अॅपचे रिकव्हरी कोड छापून लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर फोन बिघडला की मालकच बाहेर.

२०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात खंडणीखोर शिरला. डेटा आणि बहुतेक बॅकअप एकाच खात्यात होते. त्यानं पुसले, कंपनी बंद पडली. बॅकअपचं खातं वेगळं हवं ते यासाठीच.

प्रश्न: २५ वर्षं जुने अकाउंटंट ‘क्लाउड आला तर मी नाही’ म्हणतात. काय करावं?

आधी त्यांचं ऐका. नेट गेल्यावर बिल कसं काढायचं, हा त्यांचा प्रश्न बरोबर असतो. कधीकधी मात्र अडचण क्लाउडची नसते. कुणी कधी काय बदललं हे दिसू लागतं, त्याची धास्ती असते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचंच आहे, क्लाउड असो वा नसो. शिवाय संगणकावर ठेवलेल्या हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. पुणे, मुंबई, हैदराबाद इथं मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं आहेत. खातं उघडताना जागा आठवणीनं निवडा.

एक महिना दोन्हीकडं चालवा. जीएसटीची दोन विवरणपत्रं, ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी, दोन्हीकडून काढून जुळवा. मार्चमध्ये हे करू नका. आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. सगळे ‘ॲडमिन’ म्हणूनच शिरत असतील, तर चूक कुणाची हे नोंदीतून कळत नाही आणि आळ नेमका जुन्या माणसावर येतो. हे त्यांना सांगून बघा, विरोध निम्मा होईल.

प्रश्न: आणि नेट खरंच गेलं तर?

दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला फोरजी राउटर जोडून ठेवा. फायबरच्या दोन जोडण्या घेतल्या आणि दोन्हींच्या तारा एकाच खांबावरून आल्या, तर खोदकामात दोन्ही एकदमच तुटतात. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. डबा बहुतेकजण विसरतात.